संगणकावरील चित्रकलेत ‘निवड’

संगणकावर चित्र रंगविण्यास बसलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण बहुधा एकच असते. रंग रेषेबाहेर जातो. कागदावर रंगीत खडूने काम करताना हाच विद्यार्थी मनगट टेकवितो, कडेजवळ येताच हात आवरतो आणि रेष सांभाळून रंग भरतो. माउसने हे साधत नाही. माउस फिरतो टेबलावर आणि रंग उमटतो समोरच्या पडद्यावर. हात व रेष यांचा कागदावर असतो तसा निकट संबंध येथे नसतो. अशा वेळी ‘जपून भर’ एवढे सांगून शिक्षकाचे काम संपत नाही. संगणकाच्या चित्रकलेत रंगाला मर्यादेत ठेवण्याचे कार्य केवळ हाताच्या सफाईवर सोडलेले नसून त्याकरिता साधनांचा एक स्वतंत्र वर्गच योजिलेला आहे. त्यास ‘सिलेक्शन’, म्हणजे निवड, असे म्हणतात. ज्याला ही कल्पना नीट समजली त्याला चित्रकलेचा कोणताही प्रोग्रॅम शिकणे फारसे अवघड जात नाही. ज्याला ती समजली नाही त्याला मात्र वारंवार असे वाटत राहते की, संगणकच बिघडला आहे.

‘निवडणे’ या शब्दाने आरंभी थोडा घोटाळा होतो. घरी तांदूळ निवडतात तेव्हा खडे वेचून बाहेर टाकतात. भाजी निवडतात तेव्हा पाने एकीकडे व देठ दुसरीकडे जातात. निवडणे म्हटले की काहीतरी उचलून वेगळे करणे आलेच, अशी मुलांची समजूत असते आणि ती स्वाभाविक आहे. संगणकावरील निवडीत मात्र काहीही उचलले जात नाही, कापले जात नाही, पुसले जात नाही. तिला अधिक जवळचे उदाहरण पत्र्याच्या साच्याचे होय. धान्याच्या पोत्यावर व्यापाऱ्याचे नाव उमटविताना अक्षरे कोरलेला पत्रा पोत्यावर ठेवतात व त्यावरून रंगाचा ब्रश फिरवितात. ब्रश पत्र्यावर सर्वत्र फिरतो, परंतु पोत्यापर्यंत रंग पोहोचतो तो कोरलेल्या जागेतूनच. रांगोळीचा छापही त्याच जातीचा. पत्रा नुसता ठेवल्याने पोत्यात काही फरक पडत नाही आणि रंग न लावता तो उचलला तर पोते जसेच्या तसे असते. निवड म्हणजे चित्रावर ठेवलेला असा साचा. येथे काम करण्यास मोकळीक आहे, अन्यत्र नाही, एवढेच ती सांगते. त्या मोकळ्या जागेत पुढे रंग भरावयाचा, असलेला रंग पुसावयाचा, तिची नक्कल करावयाची की ती हलवावयाची, हा निर्णय नंतरचा आणि निराळा.

हे साच्याचे उदाहरण एका ठिकाणी अपुरे पडते आणि तेथेच या विषयाचे मर्म आहे. पत्र्याला एखाद्या जागी भोक असते किंवा नसते. मधली अवस्था त्याला ठाऊक नाही. संगणकावरील चित्र अत्यंत लहान चौकोनांचे, म्हणजे पिक्सेलांचे, बनलेले असते व निवड ही त्यातील प्रत्येक पिक्सेलासाठी एक अंक मनाशी धरून असते. सामान्यतः हा अंक ० पासून २५५ पर्यंत असतो. ० म्हणजे पूर्ण मनाई आणि २५५ म्हणजे पूर्ण मोकळीक. १२८ असेल तेथे टाकलेला रंग सुमारे निम्म्यानेच लागतो. याचा अर्थ असा की, निवड हे स्वतःच एक चित्र आहे. मूळ चित्राएवढ्याच आकाराचे, परंतु केवळ काळ्यापांढऱ्या व राखाडी छटांचे. पांढऱ्या जागी दार उघडे, काळ्या जागी बंद, राखाडी जागी किलकिले. ही एक गोष्ट ध्यानात आली म्हणजे निवडीची कड मऊ का करता येते, दोन निवडींची बेरीज-वजाबाकी कशी होते, हे सारे आपोआप उलगडत जाते.

हे राखाडी चित्र एरवी दृष्टीस पडत नाही. त्याऐवजी निवडलेल्या भागाच्या कडेने एक तुटक रेष सतत सरकताना दिसते. इंग्रजीत तिला चालणाऱ्या मुंग्या म्हणतात. मुंग्यांची रांग हे नाव मुलांनाही लगेच पटते. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी मॅकिंटॉश संगणकाकरिता लिहिलेला मॅकपेंट हा प्रोग्रॅम १९८४ साली निघाला, त्यात ही सरकती रेष होती. मॅकपेंटमध्ये रंग नव्हते. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. निवडीची साधनेही दोनच, एक आयत आणि दुसरे लॅसो. लॅसो म्हणजे अमेरिकेतील गुराखी गुरे पकडण्यासाठी फेकतात तो दोराचा फास. आजच्या प्रोग्रॅमांतही हातानेच वेढा घालण्याच्या साधनाला बहुधा हेच नाव किंवा हेच चिन्ह असते. मुंग्यांची रांग सीमेचा केवळ अंदाज देते, कडेला मोकळीक किती हळूहळू कमी होत गेली आहे हे ती सांगू शकत नाही, एवढे मात्र शिक्षकाने लक्षात ठेवावे.

पुढील विवेचनासाठी ‘क्रिता’ हा प्रोग्रॅम घेतला आहे. तो विनामूल्य मिळतो, विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रकारच्या संगणकांवर चालतो आणि त्याच्या प्रती दुसऱ्या शाळेला देण्यास परवान्याची आडकाठी नाही. त्याचे काम १९९९ साली सुरू झाले. स्वीडिश भाषेत ‘क्रिता’ या शब्दाचा अर्थ खडू असा आहे, त्यामुळे शाळेशी त्याचे नाते नावापासूनच जुळते असे म्हणण्यास हरकत नाही.

क्रितामधील निवडीची साधने दिसावयास बरीच असली तरी त्यांचे कुळ दोनच. पहिल्या कुळातील साधनांना चित्रात काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. हात जो आकार आखील तीच निवड. आयत, लंबवर्तुळ, बिंदू जोडून केलेला बहुभुज आणि मुक्तहस्ताने घातलेला वेढा ही साधने या कुळातील होत. दुसऱ्या कुळातील साधने चित्रातील रंग पाहून सीमा ठरवितात. यांतील दोन साधनांत विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून त्यांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

एकाचे नाव ‘कंटिग्युअस सिलेक्शन’, म्हणजे संलग्न निवड. त्याचे चिन्ह जादूच्या कांडीचे आहे. चित्रात एका जागी क्लिक केले की त्या जागेच्या रंगाशी जुळणारे आणि त्या जागेला लागून असलेले पिक्सेल निवडले जातात. याचे वर्तन समजून घेण्यास ग्रामीण भागातील मुलांना दूर जावयास नको. वाफ्यात पाणी सोडले म्हणजे ते बांधापर्यंत पसरते आणि थांबते. बांध कोठे बोटभर फुटला असला तरी पाणी तेथून शेजारच्या वाफ्यात शिरते व थोड्याच वेळात दोन्ही वाफे भरतात. संलग्न निवडीचे तंतोतंत असेच आहे. रेष हा बांध. रेषेत एका पिक्सेलाचे खिंडार असले तरी निवड त्यातून बाहेर पडते. बांध किती उंच समजावयाचा हे ‘थ्रेशोल्ड’ नावाच्या पट्टीवर ठरते. ही पट्टी फार खाली ठेवली तर कागदावरील पुसट सावलीसुद्धा बांध ठरते आणि निवडीत ठिपके ठिपके सुटून राहतात. फार वर नेली तर पेन्सिलीची फिकट रेष पाण्याखाली जाते. योग्य जागा प्रत्येक चित्रात निराळी असते. ती पुन्हा पुन्हा करून पाहूनच सापडते.

दुसरे साधन ‘सिमिलर कलर सिलेक्शन’, म्हणजे समवर्णी निवड. त्याला लागून असणे-नसणे यांची पर्वा नाही. ज्या रंगावर क्लिक केले तो रंग चित्रात जेथे जेथे असेल तेथे तेथे निवडला जातो. तांदूळ निवडणारी बाई सुपातील सगळेच खडे वेचते, एका कोपऱ्यातलेच नव्हे, तसे हे साधन.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेतले म्हणजे दोहोंतील भेद स्पष्ट होईल. पोळ्याच्या सुमारास मुले बैलाचे चित्र हमखास काढतात. समजा, पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने बैल काढून त्याची बाह्यरेषा काळ्या स्केचपेनने गिरविली आहे. पाठीवर झूल आहे, शिंगे आहेत आणि पायांखाली जमिनीची एक आडवी रेष आहे. या कागदाचा मोबाइलने सरळ वरून, भरपूर उजेडात फोटो घेऊन तो क्रितामध्ये उघडला आहे. येथे बैलाचे अंग पांढरे आणि कागदही पांढरा. अंगावर समवर्णी निवडीने क्लिक केले तर बैल, कागद, झूल सारेच एकदम निवडले जाईल, म्हणजे काहीच निवडले नाही असे होईल. संलग्न निवडीने क्लिक केले तर केवळ अंग निवडले जाईल, आणि तेही रेषेत खिंडार नसेल तर. शेपटीच्या मुळाशी किंवा शिंगाच्या टोकाशी मुले रेष सोडून देतात. निवड तेथून निसटते आणि मुंग्यांची रांग कागदाच्या चारी कडांना जाऊन भिडते. विद्यार्थी गोंधळतो तो येथे. उपाय साधा आहे. ‘कंट्रोल’ व ‘झेड’ या कळा दाबून निवड मागे घ्यावी, चित्र मोठे करून खिंडार शोधावे, बारीक काळ्या ब्रशने ते बुजवावे व पुन्हा क्लिक करावे. हे खिंडार शोधण्याचे काम शिक्षकाने स्वतः करू नये. आपल्याच रेषेकडे इतक्या बारकाईने पाहण्याचा प्रसंग मुलाला क्वचित येतो.

याच चित्रात उलट प्रकारची अडचणही आहे. बैलामागचा सारा कागद निवडून त्यावर आकाशाचा रंग द्यावयाचा असेल तर बाहेरच्या पांढऱ्या भागावर क्लिक करतात. परंतु चार पाय, पोट आणि जमिनीची रेष यांनी वेढलेल्या जागा त्यात येत नाहीत, कारण तेथे पाणी पोहोचत नाही. त्या जागा निवडीत मिळवाव्या लागतात. त्यासाठी ‘शिफ्ट’ कळ आधी दाबून धरून मग त्या जागी क्लिक करावे. जुनी निवड तशीच राहते व नवी तीत मिळते. ‘ऑल्ट’ कळ धरून क्लिक केल्यास तो भाग निवडीतून वजा होतो. काही लिनक्स संगणकांवर ‘ऑल्ट’ धरून माउस ओढला असता प्रोग्रॅमची खिडकीच हलते. तेथे कळ न वापरता साधनाच्या पर्यायांतील वजाबाकीचे बटण दाबावे.

ही बेरीज-वजाबाकी शिकविण्यास चंद्रकोरीसारखा सोपा पाठ नाही. लंबवर्तुळाचे साधन घेऊन एक वर्तुळ निवडावे. ओढण्यास सुरुवात केल्यानंतर ‘शिफ्ट’ दाबली की लंबवर्तुळाचे वर्तुळ होते. मग वजाबाकीचे बटण दाबून त्यावर किंचित बाजूला सरकवून दुसरे वर्तुळ काढावे. उरते ती चंद्रकोर. छेदाचे बटण दाबले असते तर दोन्ही वर्तुळांत समाईक असलेला डोळ्याच्या आकाराचा भाग उरला असता. संचांची आकृती जेथे शिकविली जाते त्या वर्गात हाच पाठ गणिताच्या तासालाही उपयोगी पडतो.

आता झूल लाल रंगवावयाची आहे. येथे चित्राच्या थरांची, म्हणजे लेयरांची, मांडणी आधी करावी. रेषेचा फोटो असलेला थर सर्वांत वर ठेवून त्याची मिश्रणपद्धती ‘मल्टिप्लाय’ करावी. या पद्धतीत शुभ्र पांढरे दिसेनासे होते व काळे तसेच राहते, म्हणून रेष रंगाच्या वर छापल्यासारखी दिसते. फोटोतील कागद करडा आला असेल तर ‘लेव्हल्स’ या फिल्टरने तो आधी पांढरा करून घ्यावा. त्या थराखाली रंगासाठी नवा रिकामा थर घ्यावा. यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. रेषेच्या थरावर राहून झुलीच्या आत संलग्न निवड करावयाची, नंतर रंगाच्या थरावर जाऊन रंग भरावयाचा. थर बदलला तरी निवड जागची हलत नाही. मुलाची मूळ रेष या रीतीने अखेरपर्यंत अस्पर्शित राहते. रंग पसंत पडला नाही तर तेवढाच थर काढून टाकता येतो. शाळांतून पुष्कळदा फोटोच्याच थरावर रंग भरला जातो आणि दोनतीन वेळा रंग बदलता बदलता मुलाने काढलेली रेष खाल्ली जाते. मुलांना ते चटकन जाणवत नाही. चित्र भिंतीवर लावल्यावर आपले चित्र आपले वाटेनासे का झाले याचे उत्तर त्यांना देता येत नाही.

रंग भरल्यावर झुलीच्या कडेने रंग व रेष यांमध्ये एक बारीक पांढरी फट दिसते. ती मुलाच्या निष्काळजीपणाची खूण नव्हे. फोटोतील काळी रेष एकदम काळ्यापासून पांढऱ्यावर येत नाही. मध्ये दोनतीन पिक्सेल राखाडी असतात. निवड त्या राखाडी पिक्सेलांपाशी अडते आणि तेवढी जागा कोरी राहते. याकरिता रंग भरण्यापूर्वी ‘सिलेक्ट’ मेनूतील ‘ग्रो’ या आज्ञेने निवड दोनतीन पिक्सेलांनी वाढवावी. फोटो मोठ्या मापाचा असेल तर थोडी अधिक. वाढलेला रंग रेषेखाली जातो आणि वरची काळी रेष त्याला झाकते. शेजारीच असलेली ‘फेदर’ ही आज्ञा कड मऊ करते, म्हणजेच कडेच्या पिक्सेलांना मधले अंक देते. धुके, ढग, दिव्याभोवतीचा प्रकाश यांना ती शोभते. झुलीसारख्या रेखीव वस्तूला ती वापरली तर रंग ओघळल्यासारखा दिसेल.

चुंबकी निवड म्हणून आणखी एक साधन आहे. वेढा घालताना ते जवळच्या ठळक कडेला आपोआप चिकटत जाते. रेष गडद असली तरच त्याचा भरवसा धरावा. वक्ररेषांच्या साहाय्याने निवड करण्याचे साधन अचूक खरे, पण प्राथमिक वर्गांना ते पेलण्यासारखे नाही.

सर्वांत अधिक वेळ ज्या गोष्टीने वाया जातो ती मात्र कोणतेही अवघड साधन नसून विसरलेली निवड होय. विद्यार्थ्याने कोपऱ्यात चुकून एक लहानशी निवड केलेली असते. चित्र मोठे केल्यामुळे ती दृष्टीआड जाते. किंवा ‘कंट्रोल’ व ‘एच’ या कळा एकदम दाबल्या जाऊन मुंग्यांची रांग अदृश्य होते, परंतु निवड कायम असते. त्यानंतर तो कितीही ब्रश फिरवो, रंग उमटत नाही. मूल ब्रश बदलते, रंग बदलते, शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू करते आणि जतन न केलेले चित्र गमावते. जेथे एका संगणकावर पाळीपाळीने दहाबारा मुले बसतात तेथे एकाची विसरलेली निवड दुसऱ्याच्या वाट्याला येते व त्याला आपले काय चुकले हे कळण्यास मार्गच राहत नाही. ब्रश चालेनासा झाला की प्रथम ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘ए’ या तीन कळा एकदम दाबून निवड रद्द करावी. एवढ्याने बहुतेक वेळा काम होते. तरीही रंग न उमटल्यास थर लपविलेला किंवा कुलूपबंद आहे काय, ते पाहावे. हा क्रम संगणकाशेजारच्या भिंतीवर कागदावर लिहून चिकटविला तर शिक्षकाला प्रत्येक वेळी उठावे लागणार नाही.

याच्या उलट धोका ‘डिलीट’ कळीचा. निवड असताना ती दाबली तर निवडलेला भागच पुसला जातो. निवड नसेल तर साऱ्या थरावरील चित्र जाते. मोकळीक कोठे आहे हे सांगणारे कोणी नसले म्हणजे सर्वत्र मोकळीक आहे असे प्रोग्रॅम समजतो. ‘कंट्रोल’ व ‘झेड’ने चित्र परत येते, ही गोष्ट मुलांना हा प्रसंग येण्यापूर्वी सांगून ठेवावी, नंतर सांगेपर्यंत रडणे सुरू झालेले असते.

शिकविण्याच्या क्रमाविषयी मतभेद संभवतो. जादूची कांडी एका क्लिकमध्ये काम करते, म्हणून ती प्रथम शिकवावी असा मोह होतो. तथापि ज्या मुलाने हाताने एकदाही वेढा घातला नाही त्याला कांडीने चूक केली आहे हे ओळखता येत नाही. मुंग्या धावू लागल्या की काम झाले असे ते धरून चालते. यास्तव मुक्तहस्त निवड आधी द्यावी. पिंपळाच्या पानाचा फोटो घेऊन त्याच्या कडेने वेढा घालण्यास सांगावे. पहिला वेढा ओबडधोबड येईल. मग ‘शिफ्ट’ने राहिलेला भाग मिळवावा, ‘ऑल्ट’ने जास्तीचा वजा करावा. पानाचे टोक किती लांब आहे, देठाजवळ कड कशी आत वळते, हे पुस्तकातील वर्णनापेक्षा या दुरुस्त्यांतून अधिक ध्यानात राहते. संगणकाची पाळी येईपर्यंत बाकीच्या मुलांनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात पानाचा आकार कापून साचा करावा आणि त्यातून खडूची पूड कागदावर झटकावी. मागाहून संगणकावर निवड पाहताच ती कशासारखी आहे हे त्यांना सांगावे लागत नाही. कांडीचे साधन त्यानंतर एखाद्या आठवड्याने दिले तरी चालेल.

तयार चित्र जतन करताना ते दोन प्रकारे ठेवावे. छापण्यासाठी किंवा पालकांना मोबाइलवर पाठविण्यासाठी ‘जेपेग’ अथवा ‘पीएनजी’ प्रकार ठीक आहेत, परंतु त्यांत सारे थर एकजीव होतात. क्रिताच्या स्वतःच्या ‘केआरए’ प्रकारात थर वेगळे राहतात. झूल, शिंगे, अंग यांचे रंग निरनिराळ्या थरांवर भरून थरांना तीच नावे दिलेली असली तर नंतर हव्या त्या थराच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबून ‘सिलेक्ट ओपेक’ ही आज्ञा देता येते. त्या थरावर जेथे रंग आहे तेवढ्याच भागाची निवड पुन्हा तयार होते. पुढच्या वर्षी त्याच बैलाला हिरवी झूल घालावयाची झाली तर कांडी, खिंडार व वाढविणे यांतील काहीही पुन्हा करावे लागत नाही.